हनुवटीवरचा तिसरा ठिपका

मी एक जुना माउस आहे, वायरवाला. आजकाल बिनवायरचे आलेत, त्यांची ऐट काही औरच असते. पण मला माझ्या वायरची लाज वाटत नाही. कारंजा तालुक्यातल्या कामरगावात माणिकरावांचा फोटो स्टुडिओ आहे. पुढच्या खोलीत त्यांच्या पत्नीचं, विमलबाईंचं झेरॉक्स मशीन, आणि मागच्या खोलीत कॅमेरा, निळा पडदा, एक स्टूल आणि कॉम्प्युटर. त्या कॉम्प्युटरच्या शेजारी, कोपरा उडालेल्या रबरी पॅडवर माझा मुक्काम असतो.

मित्रांनो, एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. मला तुमच्यासारखे डोळे नाहीत. पोटाखाली एक लाल दिवा आहे, तो बिचारा पॅडपलीकडे काही बघत नाही. पडद्यावर जो बाण फिरतो तो मीच फिरवतो, पण त्या बाणाखाली काय आहे ते मला दिसत नाही. मला कळतो तो फक्त पाठीवरचा हात. हात घाबरलेला आहे, चिडलेला आहे की खुशीत आहे, ते मी बरोबर ओळखतो. बाकीचं माणसं बोलतात त्यातून समजतं.

माझा जन्म झाला त्या कारखान्याचं मला फारसं आठवत नाही. एका लांबच लांब पट्ट्यावरून आम्ही शेकडो भाऊ सरकत होतो, कुणीतरी एकेकाचं बटण दाबून बघत होतं, आणि टिक असा आवाज आला की खोक्यात रवानगी. पुढे अकोल्याच्या एका दुकानातून ऋषिकेशनं मला उचललं. हा ऋषिकेश माणिकरावांकडे कामाला होता. माणिकराव फोटो काढायचे आणि ऋषिकेश ते कॉम्प्युटरवर सजवायचा. काय हात होता त्या पोराचा! लग्नाचे अल्बम, बारशाचे बॅनर, शाळेची ओळखपत्रं, मला दिवसभर दम म्हणून नसायचा. गिऱ्हाइकं ऋषिकेशची तारीफ करायची आणि मी मनातल्या मनात अर्धी माझ्या नावावर लावून घ्यायचो.

पण एके दिवशी ऋषिकेशनं स्वतःसाठी बिनवायरचा, अंगात निळा दिवा लागणारा माउस आणला. माझी वायर गुंडाळली गेली आणि मी टेबलाच्या खणात पडलो. खरं सांगतो, फार वाईट वाटलं. चार वर्षं राबलो आणि निरोपाचा एक शब्द नाही.

खणात जुने निगेटिव्ह होते, एक भिंग होतं आणि बारीक टोकाच्या तीन पेन्सिली होत्या. या पेन्सिली माणिकरावांच्या तरुणपणच्या. तेव्हा फोटो रिळावर निघायचे आणि माणिकराव निगेटिव्ह उजेडासमोर धरून, भिंगातून बघत, पेन्सिलीच्या टोकानं चेहऱ्यावरचे डाग घालवायचे. त्याला टचिंग म्हणत. देवीचे व्रण, मुरमं, वांग, सगळं गायब. माणिकरावांचा फोटो म्हणजे डाग दिसणार नाही, असं कारंज्यापर्यंत लोक बोलायचे. पुढे कॉम्प्युटर आला, पेन्सिली खणात गेल्या आणि त्यांच्या मागोमाग मीही गेलो. आम्ही सगळे बिनकामाचे एकाच जागी होतो, तेवढीच सोबत.

मग ऋषिकेशला पुण्याला नोकरी लागली. तो माणिकरावांच्या पाया पडला, पेढे दिले आणि आपला निळा माउस पिशवीत टाकून गेला. दुसऱ्या दिवशी खण उघडला. माणिकरावांनी मला बाहेर काढलं, फुंकर मारून धूळ उडवली आणि सदऱ्याच्या टोकानं पुसलं.

"तुमच्यानं होईल का हे?" विमलबाईंनी दारातूनच विचारलं.

"काहून नाही होणार? निगेटिव्हवर केलं, याच्यावर करू."

माणिकरावांचं वय तेव्हा अठ्ठावन्न. आवाजात जोर होता, पण हात मात्र मला कळत होता. तळवा घामानं ओला झाला होता.

मित्रांनो, त्यानंतरचे दोन महिने आम्ही दोघांनी काय काय सोसलं ते आमचं आम्हालाच ठाऊक. माणिकराव मोबाइलवर शिकवणीचे व्हिडिओ लावायचे. त्यातला मास्तर हिंदीत तोफ सुटल्यासारखा बोलायचा आणि दर वाक्याला म्हणायचा, "बस, इतना ही करना है." माणिकराव व्हिडिओ थांबवायचे, मागे न्यायचे, पुन्हा लावायचे. मास्तरच्या पडद्यावर उजवीकडे जो डबा दिसायचा तो यांच्या पडद्यावर नसायचाच. कुठलं तरी बटण दाबलं जायचं आणि सगळी अवजारं एकदम गुडूप व्हायची. मग काय, कॉम्प्युटर बंद करून चालू.

सगळ्यात जास्त छळलं ते लेअरनं. फोटोवर फोटो, काचेवर काच ठेवल्यासारखे थर असतात म्हणे. माणिकराव एका थरावर उभे आणि ब्रश फिरवायचा दुसऱ्यावर. पडद्यावर काहीच उमटायचं नाही. ते मला दाबायचे, आणखी जोरात दाबायचे, आपटायचे. माझा काय दोष होता त्यात?

"त्याले काहून आपटता? तो मुका जीव," विमलबाई म्हणायच्या. त्या बाईंना मी तेव्हापासून मानतो.

माणिकरावांनी मग शंभर पानी वही घातली. शिकलेली प्रत्येक गोष्ट त्यात पेन्सिलीनं लिहायची आणि लिहिताना मोठ्यानं म्हणायची. "एक. थरावर कुलूप दिसलं तर दोनदा दाबणे. दोन. काही चालेना तर आपण कोणत्या थरावर आहो ते पाहणे. तीन. चुकलं तर कंट्रोल झेड." हा कंट्रोल झेड त्यांना भलताच आवडला. दाबला की शेवटची चूक नाहीशी व्हायची. "माणसाच्या जिंदगीत असं पाह्यजे होतं," असं ते एकदा पुटपुटले आणि बराच वेळ त्यांचा हात माझ्यावर नुसताच पडून राहिला.

सराव मात्र विमलबाईंच्या फोटोवर. पहिल्या दिवशी एक कान उडाला. दुसऱ्या दिवशी नाकाला तिसरी नाकपुडी आली. मग एका दुपारी माणिकरावांना डाग घालवायचा ब्रश सापडला. डागावर बाण न्यायचा, टिक करायचं, डाग साफ. तीस वर्षांपूर्वी एका चेहऱ्याला अख्खी दुपार लागायची ते काम चार मिनिटांत झालं. पाठीवरचा हात त्या दिवशी पहिल्यांदा हलका होता, अगदी पोरासारखा नाचत होता. त्यांनी विमलबाईंना हाक मारली.

बाई चष्मा लावून वाकल्या. "ही कोण बाई हो?"

"तूच हायेस ना."

"मी अशी कधी होती? माह्या तोंडावरच्या साऱ्या रेघा कुठं गेल्या?"

"काढल्या. साफ केल्या."

"मले न विचारता?" असं म्हणून त्या हसत झेरॉक्सकडे गेल्या. माणिकरावही हसले. मीही ते थट्टेवारीच नेलं. तिथंच आम्ही चुकलो.

त्यानंतर आठवडाभरात उज्ज्वला आली. गावापासून पाच-सहा किलोमीटरवर तिचा तांडा. वय वीसच्या आतबाहेर असेल, बोलणं हळू. तिची आई रुखमाबाई ऊसतोडीवरून परत आली आणि महिन्याभरात तापानं गेली. गुरुवारी तेरवी होती. तेरवीला पाटावर ठेवायला फोटो हवा होता, आणि रुखमाबाईचा फोटो म्हणून जगात एकच होता. तोही उज्ज्वलानं बटणाच्या मोबाइलवर, उसाच्या फडात काढलेला. आधार कार्डावर एक होता, पण त्यात डोळे मिटलेले आणि चेहरा टिकलीएवढा.

"जळालेला ऊस तोडून राह्यलो होतो काका तवा," उज्ज्वला म्हणाली. "तोंडभर काजळी उडाली हाये. तेवढी पुसून द्या. माही याडी लय टापटीप राहे."

याडी म्हणजे त्यांच्या बंजारा बोलीत आई.

"चकाचक करून देतो, पोरी," माणिकराव म्हणाले. "बुधवारी ये."

त्यांनी मोबाइलमधलं इवलंसं कार्ड काढून कॉम्प्युटरला लावलं, फोटो आत घेतला आणि कार्ड परत दिलं. इथं पहिली चूक झाली. कॉपी करायच्या जागी कट झालं. म्हणजे फोटोची नक्कल आली नाही, मूळ फोटोच कार्डातून उचलून इकडे आला. दोन शब्द एकाखाली एक असतात, बाण एक बोटभर वर गेला. बाण मीच नेला होता.

दुसरी चूक मंगळवारी झाली. माणिकरावांनी फोटो चौपट मोठा केला. एवढा मोठा की पडद्यावर कधी नुसतं कपाळ, कधी नुसता गाल. चेहरा असा एकदम दिसतच नव्हता, दिसत होते ते काळे ठिपके. टिक, साफ. टिक, साफ. हात असा तालात आला होता की मलाही मजा वाटायला लागली. कपाळ झालं, गाल झाले, हनुवटी झाली. मग त्यांनी अंगावरची साडी उजळली, मागे निळं आभाळ लावलं आणि सेव्ह केलं. जुन्या फोटोच्या जागीच सेव्ह केलं. फाइल बंद केली आणि वहीत लिहिलं, "अकरा. डाग काढणे पूर्ण आले."

बुधवारी उज्ज्वला आली ती वडिलांना, मोहनसिंगांना घेऊन. माणिकरावांनी कौतुकानं फोटो उघडला आणि बाजूला सरकले.

मोहनसिंगांची पावलं पडद्याजवळ आली.

"हे कोन होय?" मोहनसिंगांनी विचारलं.

"रुखमाबाईच. काजळी काढली फक्त."

"काका," उज्ज्वला म्हणाली, "माह्या याडीचं गोंदण कुठं हाये?"

मित्रांनो, माणिकरावांचा हात माझ्यावर आला तेव्हा तो बर्फासारखा गार होता. रुखमाबाईच्या तोंडावर लहानपणी गोंदलेले हिरवे ठिपके होते. चौपट मोठ्या केलेल्या त्या अंधुक फोटोत काजळीचा ठिपका आणि गोंदणाचा ठिपका एकसारखाच दिसला, आणि आम्ही दोन्ही पुसले. ज्या माणसानं जन्मभर चेहऱ्यावरचा एकेक डाग घालवून नाव मिळवलं, त्याला ठिपका दिसला की तो पुसायचाच, एवढंच ठाऊक होतं.

त्यांनी कंट्रोल झेड दाबलं. एकदा, दोनदा, दहादा. काही झालं नाही. मग ऋषिकेशला फोन लावला.

"काका, सेव्ह केलं होतं का?" तिकडून आवाज आला.

"हो."

"मंग फाइल बंद केली?"

"केली ना बाप्पा."

"मंग नाही येत काका ते वापस. वरिजनल असंल ना पण कार्डात?"

कार्डात काही नव्हतं. मोकळ्या जागेवर उज्ज्वलाच्या भावानं गाणी भरून घेतली होती.

उज्ज्वला रडली नाही. ती फक्त म्हणाली, "राहू द्या. ही फोटो पाटावर नाही ठेवत. ही माही याडी नाही." आणि ती स्टुलावर बसून राहिली. तिनं आरडाओरडा केला असता तर बरं झालं असतं. मला त्या वेळी खणात परत जावंसं वाटत होतं. आई तर गेलीच होती, तिची उरलेली एकुलती खूण आम्ही दोघांनी मिळून पुसून टाकली होती.

विमलबाई पुढच्या खोलीतून आल्या. त्यांनी उज्ज्वलाला पाणी दिलं आणि नवऱ्याकडे वळल्या. "तुमच्या हातानं गेलं ना? मंग तुमच्याच हातानं आणा."

"कसं आणू? कुठं किती होते, मले का माहीत?"

"हिले इचारा."

उज्ज्वलाला विचारलं, तर कपाळावर एक आणि गालावर एक हे तिला पक्कं आठवत होतं. हनुवटीवरचे दोन की तीन, यावर मात्र ती अडखळली. वीस वर्षं रोज पाहिलेला आईचा चेहरा, पण मोजून कोण ठेवतं? मोहनसिंग म्हणाले तीन, मग म्हणाले दोन, मग पुन्हा तीन. शेवटी तेच म्हणाले, "गोमतीले आना. दोघी बहिनीनं संगच गोंदलं होतं."

गोमतीबाई म्हणजे रुखमाबाईची धाकटी बहीण, मानोऱ्याकडच्या एका तांड्यावर दिलेली. फोन गेला. तेरवी तोंडावर आलेली, ती तशीही निघणारच होती. जीप पकडून, बस बदलून ती उन्हं उतरायच्या आत थेट स्टुडिओत आली. पिशवीसुद्धा खाली ठेवली नाही.

माणिकरावांनी तिला पडद्याशेजारी बसवलं. तिच्या तोंडाकडे बघायचं आणि ठिपका ठेवायचा. तेवढ्यात ते एकदम उठले, खण उघडला आणि आतलं भिंग काढलं. भिंगातून गोमतीबाईचा गाल बघितला, रंग बघितला. काळा नाही, हिरवट. कडा पसरलेल्या, मध्ये दाट. वहीच्या मागच्या पानावर त्यांनी जुन्या पेन्सिलीनं तसा ठिपका दहा वेळा काढून पाहिला. मग माझ्यावर हात ठेवला. मित्रांनो, हा हात निराळाच होता. दोन महिने जो हात मला दाबत, आपटत होता, तो हा नव्हताच. हा पेन्सिल धरणारा हात होता. आधी नवीन लेअर घेतला, मग कपाळावर एक ठिपका. मग गालावर एक. प्रत्येक ठिपक्याला ते गोमतीबाईला विचारत होते, "इथं का?" ती म्हणायची, "जरा खाली," की मी केसभर खाली.

हनुवटीवर तीन होते, गोमतीबाईला चांगलं ठाऊक होतं. तिच्या स्वतःच्या हनुवटीवर तीन एका रेषेत होते. माणिकरावांनी पहिला ठेवला, दुसरा ठेवला. तिसऱ्याला बाण नेला, आणि नेमकी त्याच वेळी माझी वायर टेबलाच्या कडेला अडकली. मी अडखळलो. ठिपका रेषेत न पडता बाजूला, जरा वर जाऊन पडला.

"च्या मायला," माणिकराव म्हणाले आणि त्यांचा डावा हात कंट्रोल झेडकडे गेला.

गोमतीबाईनं तो हात धरला.

"राहू द्या भाऊ."

"वाकडा पडला ना तो."

"असाच होता." ती म्हणाली. "पोहरादेवीच्या जत्रेत गोंदलं आमाले. म्या भेत होती, तर माही बहीन म्हणे, पाह्य, मी पहिले बसतो, दुखत नाही. दोन ठिपके गपचूप घेतले तिनं. तिसऱ्याले सुई लागली अन् तिनं मान हालवली. सरकला तो. पण मले म्हणे, दुखलंच नाही. माह्यासाठी वाकडा झाला तिचा. मी इसरलीच होती."

उज्ज्वला स्टुलावरून उठली. तिनं पडद्याला बोट लावलं असावं, कारण विमलबाई एरवी पडद्याला हात लावू देत नाहीत आणि तेव्हा काही बोलल्या नाहीत. तिनं मोजलं. एक, दोन, आणि तो सरकलेला तिसरा.

"हो," ती म्हणाली. "हीच." आणि मग ती रडली. मोहनसिंगांनी टोपी काढून हातात धरली, असं विमलबाई नंतर सांगत होत्या.

माणिकरावांनी फोटो सेव्ह केला, पण या वेळी नव्या नावानं. एक नक्कल कॉम्प्युटरमध्ये, एक कार्डात, एक ऋषिकेशला पुण्याला पाठवली. फ्रेम बांधून दिली. उज्ज्वला ती छातीशी धरून वडील आणि मावशीसोबत निघाली, तेव्हा माणिकराव हात जोडून म्हणाले, "माफ कर, पोरी." ती म्हणाली, "तेरवीले याल काका, काकूले घेऊन." ते दोघं गेलेही.

त्या बुधवारी वहीत माणिकरावांनी अकरावा नियम खोडला नाही, त्याच्याखाली बारावा लिहिला. लिहिताना नेहमीसारखे मोठ्यानं म्हणाले म्हणून मला कळलं. "बारा. पुसण्याआधी विचारणे."

आता माझं वय झालंय. डावं बटण कधी एकदा दाबलं तर दोनदा वाजतं, आणि वायर अजून टेबलाच्या कडेला अडकते. माणिकरावांना सगळे म्हणतात, नवीन घ्या. ते घेत नाहीत. संध्याकाळी दुकान बंद करताना मला पुसतात, वायर सैलसर गुंडाळतात, आणि खणात ठेवत नाहीत.

मित्रांनो, तुमच्या हातात आज मोबाइल आहेत. एका बोटानं तुम्ही रेघा, तीळ, व्रण, सगळं नाहीसं करता, आणि चेहरा चकचकीत झाला की खूश होता. करा, माझी ना नाही. मी कोण सांगणार, मी स्वतः पुसलंय. पण ज्यांचा फोटो आहे त्यांना आधी विचारा, ही खूण कशाची म्हणून. माणूस समोर आहे तोवर विचारा. आम्हाला तरी गोमतीबाई सापडली होती.